मागल्या जन्माचे गाठोडे दाराबाहेर ठेवा



वर्षावासात एका घरी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या वाचनासाठी गेलो होतो. कुटुंबाने नव्यानेच दीक्षा घेतलेली. भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर, पुढे मेणबत्ती, पांढऱ्या वस्त्रांतली मंडळी. त्रिसरण-पंचशील झाले. वाचन चालू असता आतल्या खोलीतून एक अस्पष्ट आवाज आला. घरातली बाई झटकन उठली आणि दार ओढून घेऊन परत बसली.

चहाच्या वेळी उलगडा झाला. आत तिचा नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याला बोलता येत नाही, चालता येत नाही. चार लोकांपुढे नको म्हणून आत ठेवला होता. आजी म्हणाली, “गुरुजी, मागल्या जन्माचं काहीतरी आसंल. भोगतंय लेकरू.”

त्या घरी मी आधी दोनदा जाऊन आलो होतो. पेशाने शिक्षक असूनही, या घरात मुले किती आणि शाळेत किती जातात, हे विचारायचे मला सुचले नव्हते. म्हणून आजचे हे चार शब्द प्रथम माझ्यासाठीच आहेत.

आजीचे वाक्य पुन्हा एकदा नीट ऐका. हेच वाक्य आपल्या बापजाद्यांना पिढ्यानपिढ्या ऐकवले गेले. गावकुसाबाहेर का राहायचे? मागल्या जन्माचे पाप. पाणवठा का शिवायचा नाही? मागल्या जन्माचे पाप. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी आपल्याला त्या चिखलातून बाहेर काढले. जे वाक्य आपल्या बाबतीत खोटे ठरले, तेच आपल्याच घरातल्या अपंग लेकराच्या बाबतीत खरे कसे असेल? आपण जात टाकली, पण जातीला आधार देणारा खांब घरात तसाच उभा ठेवला, असे तर झाले नाही ना?

मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना हाच प्रश्न विचारला होता. माणसाच्या वाट्याला येणारे सारे सुखदुःख पूर्वकर्मामुळेच येते, असे काही लोक म्हणतात. आपले मत काय? तथागतांनी पित्त, कफ, वात, ऋतूंचा पालट, आघात अशी एकेक कारणे मोजून दाखवली. त्या आठ कारणांत कर्मविपाक हे केवळ एक आहे. सारेच पूर्वकर्माच्या माथी मारणारे चूक आहेत, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बाबासाहेब आणखी पुढे गेले. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत मानला की गोरगरिबांच्या हालअपेष्टांची जबाबदारी राज्याला आणि समाजाला झटकता येते, हे त्यांनी आपल्या ग्रंथात दाखवून दिले.

बाळंतीण अडली, वाहन मिळाले नाही, बाळ जन्मल्यावर वेळेवर रडले नाही. ताप मेंदूत गेला. कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेला. ही कारणे याच जन्मातली आहेत. याच जन्मातली आहेत, म्हणूनच त्यांवर काही करता येते.

आता एका स्त्रीची गोष्ट ऐका. कौशांबीच्या राणी सामावतीची खुज्जुत्तरा नावाची दासी होती. तिच्या पाठीला कुबड होते. फुले आणायला गेली असता तिने तथागतांची देशना ऐकली आणि तिला धम्म उमगला. राणीला अंतःपुराबाहेर जाता येत नसे. तेव्हा राणीने दासीला उच्चासनावर बसवले आणि स्वतः खाली बसून तिच्या तोंडून धम्म ऐकला. बहुश्रुत उपासिकांमध्ये खुज्जुत्तरा अग्र, असा तिचा गौरव स्वतः तथागतांनी केला. पुढे अट्ठकथेने तिच्या कुबडालाही मागल्या जन्माची कथा जोडली. जे बुद्धीला पटते तेच बुद्धवचन, ही बाबासाहेबांची कसोटी तिला लावा आणि ती कथा बाजूला ठेवा. आपण घ्यायचे ते उच्चासन. आपल्या विहारात त्या आसनावर कोणा अपंग भगिनीला आजवर बसवले आहे काय?

दुसरी कथा कुमार कस्सपाच्या आईची. पतीच्या संमतीने ती भिक्षुणी झाली, तेव्हा आपण गरोदर आहोत हे तिला ठाऊक नव्हते. पुढे ते दिसू लागताच देवदत्ताने चौकशी न करता तिला हाकलले. तथागतांनी मात्र उपालीला चौकशी करायला सांगितले. विशाखेने तिला तपासले, दिवसांचा हिशेब केला आणि ती निर्दोष ठरली. तिचा मुलगा पसेनदी राजाकडे वाढला आणि मोठेपणी थोर वक्ता भिक्खू झाला. वस्तीत एखाद्या एकट्या बाईविषयी कुजबुज सुरू झाली की आपण विशाखेसारखे वागतो की देवदत्तासारखे?

आपल्या जिल्ह्याला आज अहिल्याबाईंचे नाव आहे. त्या विधवा होत्या आणि त्यांनी राज्य चालवले. त्याच जिल्ह्यात विधवेला पांढऱ्या पायाची म्हणावे आणि नवऱ्याने सोडलेलीला ‘टाकलेली’ म्हणावे, याची लाज वाटायला हवी. याच जिल्ह्यात संगमनेरला १९८८ साली अॅड. निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परित्यक्तांची परिषद भरवली आणि या भगिनींचा प्रश्न चव्हाट्यावर आणला. नगर शहरात १९८९ साली गिरीश कुलकर्णी यांनी सुरू केलेले ‘स्नेहालय’ देहविक्रीत अडकलेल्या स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यासाठी काम करते. शहराजवळच डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्ण स्त्रियांना आणि त्यांच्या लेकरांना ‘माउली’त सांभाळते. ही कामे आपल्या विहारातून उभी राहिली नाहीत. तरी करुणा तिथे कृतीत उतरली आहे. आपण बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचे वचन दिले आहे. त्या वचनाचा हिशेब आपण कधी देणार?

पैसा नाही, असे कोणी म्हणेल. दान म्हणजे केवळ पैसा नव्हे. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने तयार केलेल्या संविधानाच्या ४१व्या अनुच्छेदात आजारपण आणि अपंगत्व यांत सरकारी साहाय्याची तरतूद आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. विधवा, परित्यक्ता आणि दिव्यांग यांच्यासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. ही भीक नव्हे, हक्क आहे. पण प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालय, दाखल्यासाठी तलाठी, अर्जासाठी तहसील, अशा फेऱ्या त्या मजूर आईने कडेवर मूल घेऊन किती मारायच्या? एका फेरीत एका दिवसाची मजुरी बुडते. आपल्यातल्या शिकलेल्या तरुणाने तिच्यासोबत एक दिवस रांगेत उभे राहावे. ते खरे श्रमदान.

म्हणून येत्या पौर्णिमेपासून एवढे करा. वस्तीतल्या प्रत्येक दिव्यांग व्यक्तीची आणि एकट्या आईची नोंद वहीत करा, आणि कोणाचा कोणता कागद अडला आहे ते पुढे लिहा. विहाराच्या पायरीला उतार करा. मंगल प्रसंगी पहिली मेणबत्ती विधवा भगिनीच्या हातून लावा. जुनी साडी देताना फोटो काढू नका. घेणाऱ्याची मान खाली जाईल असे दान हे दानच नव्हे.

त्या घरी मी पुन्हा गेलो. आजीशी वाद घातला नाही. सीवकाची गोष्ट तेवढी सांगितली. पुढच्या पौर्णिमेला तो मुलगा आईच्या मांडीवर, तसबिरींसमोर बसला होता. वंदना चालू असता त्याने मोठ्याने आवाज काढला. काहींनी वळून पाहिले. आई उठली नाही. आजीने त्याच्या हातात एक फूल दिले आणि वंदना पुढे चालू राहिली.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.