ऊन खाणाऱ्याची भूक

पाळलेल्या इग्वानाच्या मागच्या मांड्या फुगीर आणि टणक दिसू लागल्या की घरात आनंद होतो. बाळसं धरलंय, असं सगळे म्हणतात. पण बऱ्याचदा आत भलतंच चाललेलं असतं. रक्तातलं कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं, कारण हृदय आणि स्नायू चालायला ते लागतंच. हाड विरळ होत जातं आणि त्याला आधार म्हणून भोवती तंतूंचा जाड थर साचतो. बाहेरून पाय भरलेला आणि आत हाड ओल्या पुठ्ठ्यासारखं. खालचा जबडा बोटाने हलकेच दाबला तर वाकतो. मग बोटं थरथरायला लागतात, चढताना पकड सुटते. या आजाराला मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात. हा मुख्यतः पाळलेल्या प्राण्यांचा आजार आहे.

गेल्या डिसेंबरात असा एक इग्वाना नाशिकमधल्याच एका ओळखीच्या घरातून उपचारापुरता माझ्याकडे आला. हिरवा म्हणून नाव मिठू. वय दोन वर्षं, शेपटीसकट लांबी जेमतेम दीड फूट, वजन ३१० ग्रॅम. एक्स-रेमध्ये त्याची हाडं आजूबाजूच्या मांसापेक्षा किंचितच पांढरी दिसत होती. ‘हा उचलताना मोडू शकतो,’ डॉक्टर म्हणाले, ‘पोटाखाली पूर्ण हात घातल्याशिवाय उचलू नका.’

आता या घराबद्दल. मिठूला तिथे कोणी मारलं नव्हतं, उपाशी ठेवलं नव्हतं. त्याचे दोन वाढदिवस झाले होते. मुलाने कॉलेजात असताना त्याला बोटाएवढा असताना आणला, पुढे नोकरीसाठी तो पुण्याला गेला आणि मिठू त्याच्या आईकडे, म्हणजे काकूंकडे राहिला. काकू रोज सकाळी कोबी आणि केळं बारीक चिरून द्यायच्या, कधी पालक. माशांची मोठी टाकी उपडी करून ती खिडकीजवळ ठेवली होती, उजेड यावा म्हणून. मिठू शिंकायचा आणि काचेवर पांढरे ठिपके उडायचे, तर सर्दी झाली असेल म्हणून टाकीशेजारी ओव्याची पुरचुंडी ठेवलेली. इग्वाना अंगातलं जास्तीचं मीठ नाकातून शिंकून बाहेर टाकतात, तो त्यांचा नेहमीचा उद्योग आहे. ती पुरचुंडी बघून मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. कारण एवढं बारीक लक्ष असलेल्या घरात हाडं विरघळत होती.

मराठीत आपण ‘ऊन खातो’. थंडीत गच्चीवर बसून माणूस ऊन खातो ते बोलण्यापुरतं. इग्वाना मात्र ते अक्षरशः खातो. सूर्यप्रकाशातल्या यूव्हीबी किरणांनी त्याच्या कातडीत डी-३ जीवनसत्त्व तयार होतं आणि ते असेल तरच पोटातलं कॅल्शियम अंगी लागतं. खाण्यातून मिळालेलं डी-३ त्याला फारसं वापरता येत नाही. आणि खिडकीची काच उजेड आत सोडते, यूव्हीबी जवळजवळ सगळं अडवते. म्हणजे मिठू दोन वर्षं भरपूर उजेडात बसून उपाशी होता. त्यात कोबी-केळ्यात कॅल्शियम नावालाच, आणि पालकात असलं तरी त्यातलं ऑक्झलेट ते बांधून ठेवतं.

याला दुर्लक्ष म्हणायचं का? मी बरेच दिवस या शब्दाशी झटत होते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा आपला कायदा १९६० सालचा आहे. पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं ही त्याच्या ११व्या कलमात क्रूरताच धरली आहे. (पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. ५० रुपयांत सध्या मिठूचा दोन दिवसांचा पालासुद्धा येत नाही.) पण ज्याच्यापुढे रोज ताटली भरून ठेवली जाते त्याला अन्न मिळत नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? घरातले म्हणतात, आम्हाला माहीतच नव्हतं, आणि ते खरंच सांगत असतात.

भागवतात नृग राजाची गोष्ट आहे. हजारो गाई दान करणारा राजा. दान दिलेली एक गाय चुकून परत त्याच्या कळपात मिसळली आणि ती त्याने नकळत दुसऱ्याला देऊन टाकली. दोघेही भांडत आले. एवढ्यावरून नृग सरडा होऊन एका कोरड्या विहिरीत पडला. यादवांच्या पोरांनी दोर लावून त्याला ओढायचा प्रयत्न केला, निघेना, शेवटी कृष्णाने हात लावला तेव्हा सुटला. लहानपणी मला ही शिक्षा भयंकर वाटायची. माहीत नव्हतं ना त्याला! आता गोष्टीतला हिशोब थोडा कळतो. आपण ज्याचा व्यवहार करतो त्याच्याबद्दल माहीत करून घेणं हे त्या व्यवहारातच धरलेलं असतं. गाय दान करायची तर ती आपली आहे का, हे आधी बघायचं.

जंगलातल्या इग्वानाला डी-३ माहीत नसतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या नदीकाठच्या झाडांवर तो सकाळी वर चढतो, तापला की सावलीत सरकतो. झालं. त्याच्या वतीने कुणालाच काही माहीत असायची गरज नाही. आपण त्याला काचेत ठेवतो तेव्हा हे वर चढणं आणि सावलीत सरकणं आपल्या अंगावर येतं. त्यामुळे दूरच्या देशातला दुष्काळ मला ठाऊक नव्हता आणि माझ्या टाकीतल्या प्राण्याचं ऊन मला ठाऊक नव्हतं, या दोन अज्ञानांना मी एका मापाने मोजू शकत नाही. दुसरं अज्ञान आपणच विकत आणलेलं असतं, प्राण्यासोबत, त्याच पिशवीत.

पण मग ते कोणाचं? दिवा न देता प्राणी विकणाऱ्याचं? मुलाचं? काकूंचं? इथे मी पक्षपाती आहे. व्हिडिओ कॉलवर ‘मिठ्या, आय मिस यू’ म्हणणाऱ्या मुलापेक्षा मला काकू कितीतरी निर्दोष वाटतात, जरी रोजची ताटली त्यांच्याच हातची होती. त्यांनी हा प्राणी मागितला नव्हता. तो त्यांच्यावर सोपवला गेला, जसं घरातल्या बाईवर बरंच काही सोपवलं जातं, आणि सोबत काहीही सांगितलं गेलं नाही. मुलाच्या फोनमध्ये मिठूचे शेकडो व्हिडिओ होते. त्याच फोनवर दहा मिनिटं शोधलं असतं तर दिव्याचं नाव सापडलं असतं. प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. प्रेम होतं म्हणूनच शोधायची गरज वाटली नाही, असं मला वाटतं.

दुसरी अडचण मिठूची. त्याला ओरडता येत नाही. कुत्रं कुंईकुंई करतं, मांजर पायात घोटाळतं. आपल्या दयेच्या गोष्टीसुद्धा चेहऱ्यावर दुःख दिसणाऱ्या प्राण्यांच्या आहेत. इथून याच गोदावरीच्या प्रवाहाने खाली पैठणला गेलं की एकनाथांची गोष्ट भेटते. रामेश्वराला नेत असलेलं कावडीतलं पाणी त्यांनी तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं. नाथांचं मोठेपण कावड रिकामी करण्यात आहे, पण गाढव तहानलेलं आहे हे कुणालाही दिसत होतं. इग्वाना तहानला तर कसा दिसतो? जवळजवळ न तहानलेल्यासारखाच. भाषेनेही या जमातीला काय दिलं? पाल चुकचुकते ती आपल्या शंकेसाठी, पंचांगात तिचं अंगावर पडणं आपल्या शुभाशुभासाठी, सरडा रंग बदलतो तो पुढाऱ्यांसाठी. त्यांना स्वतःला काही दुखत असेल अशी एकही म्हण मला आठवत नाही.

उपचारात नाट्य काही नव्हतं. रोज तोंडातून कॅल्शियमचं औषध, कोमट पाण्यात वीस मिनिटं बसवणं, यूव्हीबीची ट्यूब बारा तास आणि एका टोकाला उष्णतेचा बल्ब, त्याखाली ३४-३५ अंश, दुसऱ्या टोकाला थंडावा. वरच्या सगळ्या फांद्या काढून टाकल्या, पडून काही मोडू नये म्हणून. प्रत्येक वेळी साबणाने हात धुणं, कारण या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला असू शकतो. शेवग्याचा पाला, जास्वंदीची पानं, तुतीची पानं, वर लाल भोपळ्याचा कीस. शेजारच्या आजी रोज सकाळी जास्वंदीची चार फुलं देवाला काढायच्या आणि दोन मिठूला. एकदा देवाला तीनच राहिली, त्याबद्दल त्यांनी देवाला काय सांगितलं कोण जाणे.

जानेवारीत नाशिकचा पारा दहाच्या खाली गेला. निफाडला तर त्याहून कमी, द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या. थंड रक्ताच्या प्राण्याला बाहेरची थंडी नुसती बोचत नाही, ती त्याचं पचन थांबवते, खाल्लेलं पोटात पडून राहतं. रात्री दोनदा उठून मी तापमान बघत होते. तेव्हा मला एक गोष्ट ठळक जाणवली. ऊब, ओलावा हे आपले जिव्हाळ्याचे शब्द मूळचे अंगाचे, कातडीचे आहेत, पण आपण ते मनासाठीच राखून ठेवलेत. मिठूला माझ्या मनातली ऊब घेऊन काहीच करता येत नव्हतं. त्याला २५ अंश हवे होते आणि खोलीत १९ होते.

त्याच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला आहे. तो त्याचा तिसरा डोळा. त्याने चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली तेवढी कळते. वरून सावली पडली म्हणजे शिकारी पक्षी आला. म्हणून हात नेहमी बाजूने, खालून न्यायचा. घरच्यांच्या व्हिडिओत सगळे त्याला वरून थोपटायचे आणि तो डोळे मिटायचा. खाली बदाम: किती सुखात आहे बघा. नको असलेला स्पर्श टळत नसला की इग्वाना बऱ्याचदा डोळे मिटून घेतो. एप्रिलपर्यंत माझा हात दिसला तरी तो डोळे उघडे ठेवायला लागला. ओळखतो का मला? माहीत नाही, आणि ते जाणून घ्यायची घाईही नाही. बाजूने येणाऱ्या हातात शेवगा असतो एवढं त्याला कळलं आहे.

‘एका पालीसाठी एवढा खर्च?’ असं बऱ्याच जणांनी विचारलं. लॅब्रॅडॉरसाठी हे विचारलं जात नाही, म्हणून मी उत्तर देत बसले नाही. दुसरा सल्ला जास्त गंभीर होता: गंगापूर धरणाकडे झाडीत सोडून दे, बिचारा मोकळा होईल. दयाळू वाटतो, पण एका झटक्यात दोन बाजूंनी वाईट आहे. एक तर इथल्या थंडीत तो मरेल. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात थंडीची लाट आली तेव्हा झाडांवरून गोठलेले इग्वाना पडतील, असा इशारा तिथल्या हवामान खात्याने दिला होता. आणि ते फ्लोरिडात आहेत ते मुळात माणसांनी आणले म्हणून. न मेले तर असे पसरतात आणि स्थानिकांना जड जातात. मिठूला मोकळं करता येईल अशी जागा या देशात नाही. त्याला फक्त चांगलं कोंडता येतं. इग्वाना पंधरा-वीस वर्षं जगू शकतो, म्हणजे हे चांगलं कोंडणं तेवढी वर्षं चालणार.

मे महिन्यात वजन ४६० ग्रॅम झालं. जबडा टणक झाला. पाठीचा बाक आणि मागच्या डाव्या पायाचा वाकडेपणा तसाच राहिला. हाड पुन्हा भरतं, पण वाकलेलं असेल तर वाकलेलंच भरतं. आणि मुलाचा फोन आला, ‘ताई, बरा झाला ना? मग न्यायला येतो.’

कायद्याने मिठू त्याचाच. २०२२च्या दुरुस्तीनंतर अशा परदेशी प्राण्यांची नोंद सक्तीची झाली, २०२४ साली त्याचे नियम आले, आणि त्याने परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदही केली होती. पाच महिने जागरण केलं म्हणून तो माझा होतो का? तसं वाटलं खरं. दुसऱ्या कुणा अनुभवी माणसाकडे परस्पर द्यावा असंही दोन दिवस डोक्यात होतं. मग नृगाची गाय आठवली. आपली नसलेली वस्तू कितीही चांगल्या हातात दिली तरी ती आपली नव्हती.

पण परत द्यायचा म्हणजे कोणाला, हे मी ठरवू शकत होते. मी मुलाला म्हटलं, तू येऊ नकोस, काकूंना पाठव. काकू आल्या आणि तीन दिवस रोज तास-दोन तास माझ्याकडे बसल्या. औषधाचं माप, पाला, बल्बचं अंतर. यूव्हीबीची ट्यूब जळत नाही, पेटतच राहते, पण साधारण सहा महिने ते वर्षभरात तिच्यातले किरण संपतात आणि डोळ्यांना फरक दिसत नाही, हे सांगितलं तेव्हा त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे परत तसंच होईल आणि मला कळणार नाही.’ मी ट्यूबवर मार्करने तारीख लिहिली. त्यांनी त्याखाली स्वतःच्या अक्षरात पुढची तारीख लिहिली. ट्यूबचे, डॉक्टरचे आणि पाल्याचे पैसे मुलाने दर महिन्याला आईच्या खात्यात टाकायचे, हेही त्याच बैठकीत ठरलं. तो जरा कुरकुरला. काकू नाही कुरकुरल्या.

आता सकाळी साडेआठच्या सुमारास त्यांचा फोटो येतो. त्यात मिठू बहुतेक वेळा नसतो, नुसता थर्मामीटर असतो. काल बल्बखाली ३१ होतं. मी बल्ब दोन बोटं खाली घ्यायला सांगितला. दहा मिनिटांनी दुसरा फोटो आला, ३४.