नेमणूक आणि निवारा

नेमणुकीचा हुकूम निघाला की शिक्षकाचा प्रश्न सुटला, असे आम्ही वकील मंडळी सहज धरून चालतो. पण हुकूम मनुष्याला दारापर्यंत आणून सोडतो. आत घेणे हे दुसऱ्याचे काम असते.

१९१७ साली डॉ. आंबेडकर परदेशातील शिक्षण घेऊन बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू झाले. नेमणूक राजाची होती; राहावयास मात्र जागा मिळेना. पारशी वसतिगृहातूनही त्यांना निघावे लागले, आणि अखेर बडोदे सुटले. पुढच्याच वर्षी ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांत रमत. काही सहकाऱ्यांची हरकत होती ती पाण्याच्या भांड्याला.

ही रीत केवळ आपलीच नव्हे. अमेरिकेत १९५४ च्या निकालाने गोऱ्या-काळ्यांच्या वेगळ्या शाळा अवैध ठरल्या. मुले एकत्र आली. परंतु काळ्यांच्या शाळा मिटल्या आणि हजारो काळे शिक्षक घरी बसले. तेथील सरकारी शाळांत आजही शंभर शिक्षकांमागे दोन काळे पुरुष सापडत नाहीत.

आपल्याकडे अडथळा कधी हिशेबाच्या रूपानेही येतो. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठातील राखीव जागा विभागवार मोजाव्यात असे ठरविले. त्या मोजणीत अनुसूचित जातीची पाळी सातव्या जागेला आणि जमातीची चौदाव्या जागेला येई. चार-पाच प्राध्यापकांच्या विभागात ती यावी कशी? २०१९ साली संसदेने कायदा करून केंद्रीय संस्थांपुरता संपूर्ण संस्था हाच घटक ठरविला आणि ती चूक दुरुस्त केली.

कायद्याने मोजणी सुधारली. मुक्काम कोण सुधारणार? आम्ही ग्वाल्हेरच्या खासगी बाजारात राहतो. भाडेकरू आला की आम्ही प्रथम आडनाव विचारतो. एकदा एका तरुण शिक्षकाने ते सांगितले, आणि ‘खोली नात्यातल्या माणसाला दिली’ असे आम्ही उत्तर दिले. खोली रिकामीच होती. पुढे त्याने लांबच्या वस्तीत बिऱ्हाड केले, आणि वर्षभरात बदली करून घेतल्याचे कानी आले.

घर आमचे, पसंती आमची, हे म्हणणे न्यायालयात कदाचित टिकेल. परंतु जे करण्यास कायदा अडवीत नाही, ते सारे धर्म्य ठरते काय? गुरूला देवाच्या बरोबरीने वंदन करणारे आपण. ते वंदन आडनाव पाहून करावयाचे असेल, तर ते गुरूला पोहोचत नाही, आपल्याच जातीपाशी परतते. सरकार जागा राखू शकते. शेजार राखू शकत नाही. तो आपणच द्यावयाचा असतो.

पुढील महिन्यात आमची माडीवरची खोली पुन्हा रिकामी होत आहे. येणाऱ्यास प्रथम काय विचारावयाचे, हे आम्ही आजच ठरविले पाहिजे.