भूमीखालचा शेजारी

जमीन आपल्या नावावर आहे, सातबारा आपला आहे. पण तिच्या एका पट्ट्यात झाड लावता येत नाही, विहीर खणता येत नाही की मुलासाठी घर बांधता येत नाही. अशा जमिनीचा खरा धनी कोण? पेट्रोलियम व खनिज नळवाहिन्यांविषयीच्या १९६२ च्या कायद्यातून हा प्रश्न उभा राहतो.

या कायद्यान्वये सरकार जमीन घेत नाही. तिच्या पोटातून नळ नेण्याचा हक्क तेवढा घेते. नळ पुरून झाला की शेतकरी पुन्हा भात लावू शकतो. पिकाच्या नुकसानीची भरपाई वेगळी, आणि या हक्काचा मोबदला म्हणून बाजारभावाच्या १० टक्के रक्कम त्याच्या हाती पडते. राजपत्रात अधिसूचना निघाल्यापासून हरकत घेण्यास त्याला २१ दिवस मिळतात. आदिवासी पाड्यांवर राजपत्र किती जण वाचतात, हे सांगायला नको.

आपल्या पालघर जिल्ह्याला हा विषय परका नाही. दहेज-नागोठणे इथेन वाहिनी गुजरातेतून येऊन पालघर, ठाणे व रायगड जिल्ह्यांतून जाते. इथेन हा नैसर्गिक वायूचाच एक घटक. तो वेगळा काढून, थंड करून द्रवरूपात दूरवर नेता येतो. २०१७ पासून तो अमेरिकेहून जहाजांनी दहेजला येऊ लागला. कारखान्यात त्याचे इथिलीन होते आणि इथिलीनपासून प्लॅस्टिक. सातासमुद्रांपलीकडचा वायू वाडा-पालघरच्या मातीखालून जातो, तो अखेर आपल्या दुधाच्या पिशवीसारख्या वस्तूंसाठी.

नळवाहिनीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, आणि ते प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून शेकडो टँकर धावण्यापेक्षा जमिनीखालचा नळ सामान्यतः अधिक सुरक्षित असतो. अपघात क्वचित घडतात. मात्र नीतीचा प्रश्न केवळ अपघातांच्या संख्येने सुटत नाही. धोका कोणाच्या दारात ठेवला, तो कोणाला विचारून ठेवला आणि त्याची खूण कोणाला दिली, हेही विचारावे लागते.

धोक्याची खूण हा शब्द येथे महत्त्वाचा. आपल्या स्वयंपाकघरातील गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. इथेनला स्वतःचा रंग नाही, वासही नाही. १९८९ च्या जून महिन्यात तेव्हाच्या सोव्हिएत संघात, उफा शहरानजीक, अशाच द्रवरूप वायूंची एक वाहिनी गळू लागली. दाब उतरल्याचे दिसल्यावर गळती शोधण्याऐवजी पंपांचा जोर वाढवण्यात आला. वायू रेल्वेमार्गालगतच्या सखल भागात साचला आणि दोन गाड्या तेथून जात असताना पेटला. पाचशेहून अधिक माणसे गेली. त्यांत मुले पुष्कळ होती. आंध्र प्रदेशातील नगरम गावी २७ जून २०१४ च्या पहाटे वायुवाहिनीच्या स्फोटात वीसहून अधिक जीव गेले. कोरड्या वायूसाठी बांधलेल्या नळातून पाणी व द्रवांश असलेला वायू वाहत होता आणि नळ आतून गंजला होता. दोन्ही ठिकाणी नळाची प्रकृती जाणण्याचे साधन चालवणाऱ्यांच्या हाती होते; मेली ती माणसे मात्र त्याविषयी अनभिज्ञ होती.

बोईसर-तारापूरने हाच धडा दुसऱ्या नळाकडून घेतला आहे. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वाहिनीने नवापूरच्या किनाऱ्याकडे नेले जाते. खाडीचे पाणी बदलले, मासळी घटली, हे प्रथम जाणले ते मच्छीमारांनी. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली. पुढे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात अग्रस्थानी आले. गुण मोजणारे यंत्र नंतर आले. कोळ्याचे जाळे आधीच बोलले होते.

म्हणून वाटते, मोबदला आणि शेजारधर्म या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोबदला एकदाच दिला जातो. जोखीम मात्र रोज वाहावी लागते आणि ती नातवंडांच्या वाट्यालाही येते. दहा टक्के रकमेने नळासाठी वाट विकत घेता येते, शेजाऱ्याचे अज्ञान विकत घेता येत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रकल्पांविषयीच्या चर्चेत स्थानिक रहिवाशांना विशेष स्थान असावे, असे आग्रहाने मांडले, ते याचसाठी. नळ कोठून जातो याचा नकाशा ग्रामपंचायतीत टांगलेला असावा, तपासणीचे निष्कर्ष ग्रामसभेत वाचले जावेत, गळती झाल्यास कोणत्या दिशेने निघावे हे वारली आईला तिच्या बोलीत सांगितलेले असावे. हे उपकार नव्हेत, हे ऋण आहे.

या ऋणात आपलाही वाटा आहे. प्लॅस्टिकची पिशवी आपण घडीभर वापरतो आणि टाकून देतो. तिच्यासाठी कोणा शेतकऱ्याने आपल्या बांधाजवळ आंब्याचे कलम लावण्याचा हक्क कायमचा सोडलेला असू शकतो. त्या शेतकऱ्याला आपण कधी पाहिले नाही. पण जो दिसत नाही तोही शेजारीच असतो, आणि त्याच्या हरकतीला आपला आवाज जोडणे हे आपले काम आहे.