हेतू शुद्ध असला म्हणजे पुरे काय?

मनुष्याचा हेतू शुद्ध असला म्हणजे त्याचे कृत्यही निर्दोष ठरते, असे पुष्कळांस वाटते. "मी तर त्याच्या भल्याकरिताच केले," एवढे म्हटले की आपण मोकळे झालो, अशी समजूत असते. हे म्हणणे कितपत खरे आहे, ह्याचा विचार पाठीच्या कण्यातील एका दुखण्याच्या उदाहरणावरून करू.

कण्याच्या मण्यांतील पोकळीतून मज्जारज्जू खाली उतरतो, व त्याच्या द्वारे पायांस चालण्याची आज्ञा पोहोचते. कित्येकांच्या ठायी, बहुधा पन्नाशी उलटलेल्या पुरुषांच्या ठायी, मज्जारज्जूच्या बाहेरील वेष्टनात एक धमनी व एक शीर ह्यांचा भलताच सांधा जुळतो. धमनीतील रक्त जोराने वाहणारे. शिरेचे काम वापरलेले रक्त मुकाट्याने परत नेण्याचे. शेतकऱ्यास हे समजावयास कठीण नाही. पाट फुटून त्याचे पाणी निचऱ्याच्या चरात शिरले, तर चर तुडुंब भरतो, शेताचा निचरा तुंबतो, जमीन चिबड होते, आणि पाणी असूनही पीक पिवळे पडते. मज्जारज्जूची गत अशीच होते. प्रथम पाय जड वाटतात, मग बधिर होतात, हाती काठी येते; पुढे लघवी व शौच ह्यांवरील ताबाही सुटतो.

१९१४ साली न्यूयॉर्क येथील शस्त्रवैद्य चार्ल्स एल्सबर्ग ह्यांनी कण्यातील असल्या दोषावर शस्त्रक्रिया करून रोग्यास गुण आणिला. पुढे पुष्कळ वर्षे शस्त्रवैद्यांची समजूत अशी होती की, मज्जारज्जूवर नागमोडी पसरलेल्या, फुगलेल्या शिरा हाच रोग होय. म्हणून ते त्या शिरा मोठ्या कष्टाने लांबवर सोलून काढीत. परंतु त्या शिरा मज्जारज्जूचा निचरा करणाऱ्याच होत्या! पाटाचे पाणी आवरावयाचे सोडून चरच बुजवावेत, तसा तो प्रकार झाला. आणि कित्येक रोगी पूर्वीपेक्षा अधिक पंगू झाले. १९७७ साली लंडन येथील केंडल व लोग ह्या दोघा वैद्यांनी दाखवून दिले की, मूळ दोष वेष्टनातील त्या लहानशा सांध्यात आहे. तेव्हापासून शस्त्रवैद्य फुगलेल्या शिरांस हात न लावता केवळ तो सांधा तोडितात, अथवा बारीक नळीने तेथे डिंकासारखा पदार्थ सोडून तो बंद करितात. मज्जारज्जूच्या आतच रक्तवाहिन्यांचे जाळे असते, तो प्रकार निराळा व अधिक बिकट होय. तेथे काय काढावे आणि काय राहू द्यावे, हे फार जपून ठरवावे लागते.

आता प्रश्न असा की, शिरा सोलणारे ते वैद्य दोषी होते काय? त्यांचा हेतू निर्मळ होता, आणि अधिक जाणण्याचे साधन त्यांजपाशी नव्हते. म्हणून त्यांस दोष देणे अन्यायाचे होईल. तथापि त्यांच्या निर्मळ हेतूने रोग्याचे पाय वाचले नाहीत, हेही तितकेच खरे. ह्यावरून दिसते की, हेतूची शुद्धता करणाऱ्यास दोषमुक्त करील, पण कृत्यास हितकर करू शकणार नाही. त्यास ज्ञानाची जोड पाहिजे. आणि ज्ञान मिळण्याजोगे असता जो ते मिळवीत नाही, त्याचा हेतूदेखील पुरता शुद्ध म्हणता येत नाही. ज्याला दुसऱ्याचे खरोखर भले हवे, तो भले कशात आहे ह्याची चौकशी केल्यावाचून राहील कसा?

कोणी म्हणेल, "मग काहीच न करणे बरे, निदान आपल्या हातून वाईट तरी होणार नाही." पण स्वस्थ बसणे हेही एक कृत्यच आहे. ह्या दुखण्याविषयी १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात असे आढळले की, उपचार न झालेल्या रोग्यांपैकी सुमारे निम्मे, पायांस अशक्तता आल्यापासून तीन वर्षांच्या आत अगदी पंगू झाले. म्हणून "वय झाले, आता असेच चालायचे," असे जो शेजारी मायेने सांगतो, त्याचे सांगणे निरुपद्रवी नाही. त्या मायेने रोग्याचे उरलेले दिवस खर्ची पडतात.

आणखी एक गोष्ट. शस्त्रक्रियेने रोगाची वाढ बहुधा थांबते व पुष्कळांचे चालणे सुधारते. परंतु गेलेले सर्व परत येईलच असे नाही, आणि लघवीचा त्रास तर अनेकदा तसाच राहतो. धोकाही असतोच. हे सर्व घरची मंडळी जाणतात, आणि रोग्याने धीर सोडू नये म्हणून त्याजपासून लपवितात. येथेही हेतू चांगलाच! पण पाय त्याचे, जीव त्याचा. मग निवड करण्याचा अधिकार दुसऱ्याचा कसा? खोट्या आशेवर दिलेला होकार हा होकारच नव्हे. आणि गुण न आल्यास त्याचा आपल्या माणसांवरील विश्वासही नाहीसा होतो.

यास्तव वाचकहो, गावात कोणाचे पाय दिवसेंदिवस जड होत असल्यास त्यास धीर द्या, पण केवळ धीर देऊन थांबू नका. त्यास जाणत्या डॉक्टरांकडे वेळेवर न्या, ते काय म्हणतात हे नीट विचारून घ्या, आणि जे कळेल ते त्याच्याच कानी घाला. दयेला डोळे असले पाहिजेत. आंधळी दया वाट चुकली, म्हणजे दुसऱ्यालाच खड्ड्यात पाडते.