खुर्च्या कुणी मांडल्या?

दिवाळीत लातूरच्या गंजगोलाईतल्या एका आडत दुकानी लक्ष्मीपूजनाला गेलो होतो. नांदेडहून बदलून आलेल्या बँकेच्या कारकुनाला पेढ्याचं बोलावणं मोडवत नाही. वह्यांची पूजा झाली. वर जुन्या चौकटीत कमळावर उभी लक्ष्मी. "रविवर्म्याची आहे," शेठजी अभिमानाने म्हणाले. मी पडलो बी.कॉम. म्हटलं, "शेठजी, निम्मी जमा दुसऱ्या खात्यावर हवी!"

ते खातं सर टी. माधवरावांचं. घराणे तंजावरकडचे, मराठी. दिवाणगिरी त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे अशा तीन संस्थानांची. रविवर्म्याने त्यांचे तैलचित्र रंगवले, राजकारणी पुरुषाला शोभेलसे. पण याच माधवरावांनी १८८४ साली रविवर्म्याला सुचवले होते, की चित्रे मागणारे पुष्कळ आणि तुमचे हात दोनच. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून छापून घ्या. पुढे १८९४ साली रविवर्म्याने मुंबईतच छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. सल्ला देणाऱ्यासाठी मात्र त्या भिंतीत एक खिळा नाही!

आता मला माधवरावांचा एवढा पुळका का, ते सांगतो. पेन्शनच्या दिवशी म्हातारी माणसं रांगेत ताटकळतात, त्यांच्यासाठी खुर्च्या मांडा, ही सूचना माझी. शाबासकीचं पत्र आलं साहेबांना! पंधरा दिवस मी साहेबांच्या चहाला हात लावला नाही. पण माधवरावांशी बरोबरी करू गेलो, तर ते 'सर' झालेले, तैलचित्रात बसलेले, तिरुवनंतपुरमला पुतळा होऊन उभे. माझा पासपोर्ट साइज फोटोसुद्धा धड नाही.

मग चांगल्या कामाची जमा करायची कुणाच्या नावावर? लक्ष्मीला हात जोडणारा चित्रकाराचंही नाव विचारत नाही, मग दिवाणाचं कोण विचारतो? तरी दिवा लागतोच.

परवा एक आजी खुर्चीवर टेकल्या. म्हणाल्या, "लेकरा, ह्या खुर्च्या कुणी मांडल्या रे?" नाव अगदी जिभेवर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "बँकेनं, आजी."

"बँकेचं भलं होवो!"

मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. एवढा मोठेपणा एकट्याला पेलवेना, म्हणून घरी आल्या आल्या हिला सगळं सांगून टाकलं. नावासकट.