ज्या नावाने हाक मारावी



आपल्या घरात, निदान नात्यात, इस्माईल नावाचे कोणीतरी असतेच. ते नाव आपण दिवसातून दहादा उच्चारतो, परंतु त्याचा अर्थ क्वचितच विचारतो. हिब्रू म्हणजे इब्रानी भाषेत ते ‘यिश्माएल’ असे आहे. ‘यिश्मा’ म्हणजे ऐकतो, आणि ‘एल’ हे ईश्वराचे नाव. ईश्वर ऐकतो! अरबीतील ‘समीअ’ हा शब्द याच धातूच्या कुळातला आहे. आता सूरह इब्राहीमची 39वी आयत पाहा. उतारवयात इस्माईल आणि इसहाक हे पुत्र दिल्याबद्दल हजरत इब्राहीम (अ.) अल्लाहची स्तुती करतात आणि लगेच म्हणतात की, माझा रब प्रार्थना ऐकणारा आहे. मुलाच्या नावात जे दडले आहे, तेच पित्याच्या मुखी शुक्र होऊन येते.

हा ‘एल’ आपल्या ओठांवर आणखीही अनेकदा येतो. जिब्रील, इस्राईल, मीकाईल या साऱ्या नावांच्या शेवटी तोच आहे. यांपैकी मीकाईल हे नाव मला विशेष वाटते, कारण ते नाव म्हणजे एक प्रश्न आहे: एलसारखा कोण आहे? सूरह शूराच्या 11व्या आयतीने या प्रश्नाचे उत्तर दिले आहे. त्याच्यासारखे काहीही नाही.

येथे अनेकांच्या मनात शंका येते. काही जण तर रागाने म्हणतात, “तो यहुद्यांचा देव, आपला त्याच्याशी काय संबंध?” आजच्या राजकारणातील दुःख आणि संताप समजण्यासारखा आहे. परंतु श्रद्धेचा प्रश्न संतापावर सोपवता येत नाही. सूरह अन्कबूतच्या 46व्या आयतीत ग्रंथधारकांशी कसे बोलावे हे शिकविताना, आमचा इलाह आणि तुमचा इलाह एकच आहे, असे सांगण्याची आज्ञा आपल्याला झाली आहे. भाषाही हीच साक्ष देते. हिब्रूत ‘एलोह’, सिरियाकमध्ये ‘अलाहा’, अरबीत ‘इलाह’ ही एकाच कुळातील भावंडे होत. दहाव्या शतकात सादिया गाओन या थोर यहुदी विद्वानाने तौरातचे अरबी भाषांतर केले, तेव्हा त्याने ईश्वरासाठी ‘अल्लाह’ हाच शब्द योजला.

तौरातमध्ये वारंवार येणारे ‘एलोहीम’ हे रूप मात्र व्याकरणाने अनेकवचनी दिसते. त्यावरून कोणी त्रैक्याचा सिद्धांत काढतात. परंतु तौरातच्या पहिल्याच वाक्यात या शब्दाबरोबरचे निर्माण करण्याचे क्रियापद एकवचनी आहे. ते गौरवाचे अनेकवचन मानले जाते. दिव्य कुरआनात अल्लाह ‘आम्ही’ म्हणतो, तेव्हा त्याचे एकत्व कोठे भंगते? उलट आपल्याकडील काही उत्साही वक्ते ‘एलोहीम’ म्हणजेच ‘अल्लाहुम्मा’ असे ठासून सांगतात. त्यालाही आधार नाही. बसरा येथील अरबी व्याकरणकारांच्या मते ‘अल्लाहुम्मा’तील शेवटचा ‘म’ हा ‘या’ या संबोधनाच्या जागी आलेला आहे. शब्दांच्या साम्यावर तौहीदची इमारत उभी नाही, म्हणून अशा ओढाताणीची आपल्याला गरजही नाही.

आता त्या नावाकडे वळू, जे उच्चारलेच जात नाही. तौरातमध्ये ईश्वराचे विशेषनाम योद, हे, वाव, हे या चार अक्षरांनी लिहिले जाते. यहुदी परंपरेनुसार जेरुसलेमच्या मंदिरात प्रायश्चित्ताच्या दिवशी मुख्य याजक ते उच्चारीत असे. इ.स. 70 मध्ये रोमन सैन्याने ते मंदिर उद्ध्वस्त केले आणि हळूहळू खरा उच्चारही लोपला. आजही श्रद्धाळू यहुदी ती चार अक्षरे आली की ‘अदोनाय’ म्हणजे ‘माझे प्रभू’ असे वाचतात. बोलण्यात तर नुसते ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’, एवढेच म्हणतात. या चार व्यंजनांना ‘अदोनाय’चे स्वर जोडून युरोपातील ख्रिस्ती वाचकांनी ‘जेहोवा’ हा उच्चार तयार केला. मराठीतील ‘यहोवा’ त्याच वाटेने आला.

ज्या कागदावर ईश्वराचे नाव आहे, तो फाडायचा किंवा जाळायचा नाही, हा त्यांचा दंडक. जुन्या कैरोतील बेन एझ्रा या प्रार्थनास्थळाच्या कोठडीत असे कागद शतकानुशतके साठत गेले. धर्मग्रंथांची पाने, करारपत्रे, हिंदुस्थानशी व्यापार करणाऱ्यांची पत्रेसुद्धा! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती केंब्रिजला नेली गेली. आणि आपण? लग्नपत्रिकेच्या माथ्यावर बिस्मिल्लाह छापतो आणि वलीमा संपताच ती पत्रिका उष्ट्या पत्रावळींच्या ढिगात जाते. दुकानात दोन रुपयांच्या सौद्यासाठी ‘वल्लाही’ म्हणतो. आपल्या शपथांसाठी अल्लाहच्या नावाचा उपयोग करू नका, असे सूरह बकराच्या 224व्या आयतीत बजावले आहे, याचे भान गल्ल्यावर बसताना किती जणांना राहते?

तरीही आपला मार्ग नाव न उच्चारण्याचा नाही. सूरह आराफच्या 180व्या आयतीत अल्लाहची सर्वोत्तम नावे आहेत आणि त्याच नावांनी त्याला हाक मारावी, असे सांगितले आहे. भाष्यकार एक प्रसंग नमूद करतात. प्रेषित मुहम्मद (स.) मक्केत ‘या अल्लाह, या रहमान’ अशी प्रार्थना करीत होते. ते ऐकून कुरैश म्हणाले की, हे आम्हाला एकाची भक्ती करावयास सांगतात आणि स्वतः दोघांना हाक मारतात. त्यावर सूरह बनी इस्राईलची 110वी आयत अवतरली. तिचा आशय असा की, अल्लाह म्हणा की रहमान म्हणा, सर्वोत्तम नावे त्याचीच आहेत.

‘रहमान’ हे नावही हिब्रूशी नाते सांगते. मुंबईत मस्जिद बंदरजवळ सॅम्युएल स्ट्रीटवर बने इस्राईल समाजाचे, म्हणजे आपल्या कोकणातील मराठी बोलणाऱ्या यहुद्यांचे, 1796 साली स्थापन झालेले प्रार्थनास्थळ आहे. त्याचे नाव ‘शआर हारहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’. लोक त्याला जुनी मशीद म्हणत आले, आणि मस्जिद स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले, असे सांगतात. ‘रहमीम’ आणि ‘रहमान’ एकाच धातूचे. त्याच धातूपासून हिब्रूत ‘रेहेम’ आणि अरबीत ‘रहिम’ हा शब्द आला. दोन्हींचा अर्थ आईचे गर्भाशय. प्रेषितांनी (स.) अल्लाहचे वचन सांगितले आहे की, मी रहमान आहे, मी रहिम म्हणजे रक्ताचे नाते निर्माण केले आणि माझ्या नावातून त्याला नाव दिले, जो ते जोडील त्याला मी जोडीन, जो ते तोडील त्याला मी तोडीन.

बंधूंनो, या हदीसपाशी थोडे थांबा. एखादा भाऊ फजरनंतर तसबीहवर शंभर वेळा ‘या रहमान’ म्हणतो. वडिलांच्या जमिनीतील बहिणीचा वाटा द्यावा लागू नये म्हणून त्याने सात वर्षे तिच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवलेले नाही. दोघेही एकाच रहिममधून आलेले. पलीकडच्या गावात तीही त्याच वेळी मुसल्ल्यावर बसून त्याच नावाने हाक मारीत असते, आणि ती हाक ऐकली जात आहे.