प्रश्नमंजूषेचा सराव आणि उत्तराचा अधिकार

ज्ञान एकट्याने मिळवायचे की मंडळीत बसून, या जुन्या प्रश्नाचा एक निर्णय प्रश्नोपनिषदात सापडतो. सुकेशा भारद्वाजासह सहा जिज्ञासू पिप्पलाद ऋषींकडे येतात, ऋषी त्यांना आधी वर्षभर तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धा यांसह राहायला सांगतात आणि मग प्रत्येकजण आपापला प्रश्न विचारतो. आधी कोणी ओळखले, याला तेथे जागाच नाही.

शाळेतील प्रश्नमंजूषेच्या सरावाला चाळीस-पन्नास मुले बसली की मात्र बझरवर हात पडणारी मोजकीच खेळतात आणि बाकीची प्रेक्षक होतात. बृहदारण्यकातील श्रवण, मनन आणि निदिध्यासन, म्हणजे ऐकणे, ऐकलेले तर्काने पडताळणे आणि त्यावर चित्त स्थिर करणे, यांपैकी त्यांच्या वाट्याला पहिली पायरीच येते, कारण दुसऱ्याचे उत्तर कानी पडताच स्वतःचा विचार थांबतो.

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीत हा पेच अधिक गंभीर ठरतो. तेथील संत निळोबाराय विद्यालय इतरत्र नापास झालेल्या मुलांना प्रवेश देण्यासाठी ओळखले जाते, आणि हे नाव तुकोबांच्या परंपरेतील, शेजारच्या पिंपळनेरच्या संताचे आहे. गुणांच्या चाळणीतून गळलेल्यांना आपले मानणाऱ्या तत्त्वाशी, पहिल्याच दिवशी हुशार चौघे निवडून मोकळा होणारा सराव जुळत नाही. त्याऐवजी सर्वांचेच लहान संघ पाडावेत, उत्तर उच्चारले जाण्याआधी प्रत्येकाने ते पाटीवर लिहावे, मग संघाने आपसांत बोलून एक उत्तर ठरवावे आणि प्रश्न काढण्याचे काम पाळीपाळीने सर्वांकडे जावे. ते मागे पडलेल्या मुलाकडे सर्वांत आधी जावे, कारण प्रश्न रचणाऱ्याला उत्तराच्या आजूबाजूचेही वाचावेच लागते.

स्पर्धेत वेगच मोजला जातो, हा आक्षेप खरा आहे. न्यायदर्शनाने तत्त्वनिर्णयासाठी चालणाऱ्या चर्चेला वाद, जिंकण्यासाठी चालणाऱ्या चर्चेला जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ खंडन करण्याला वितंडा म्हटले आहे. एकच उत्तर ठरलेली प्रश्नमंजूषा काटेकोरपणे यांपैकी कशातच बसत नाही, तरी तिची वृत्ती जल्पाची आहे, आणि न्यायसूत्रांनी जल्पही त्याज्य मानलेला नाही: कोवळ्या अंकुरांभोवती काटेरी फांद्या लावाव्यात, तसा तो तत्त्वनिश्चयाच्या रक्षणासाठी सांगितला आहे. अंकुर फुटण्याआधी कुंपणाला काही राखायचे नसते. म्हणून बझर सरावाच्या अखेरच्या टप्प्यात यावा, आणि तोवर चुकलेल्या प्रत्येक उत्तरानंतर ते का सुचले, हे त्या मुलाला सर्वांसमोर, धीर देऊन विचारले जावे.